वाकड्या बांधाचा तास

नमस्कार श्रोतेहो. आज हाताशी एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. पट्टी असली तर उत्तम, नसली तर वहीची कड चालेल. जपानी शाळांमधल्या शिकवण्याबद्दल बोलायचं आहे, आणि ते नुसतं ऐकण्यापेक्षा हातानं काढून पाहिलं तर लवकर कळतं.

1994-95 साली जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांत आठवीच्या गणिताच्या 231 तासांचं चित्रीकरण झालं. त्यांतले 50 तास जपानचे होते. ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान पाहणीचाच तो एक भाग. याच कामात, सर्वांना दाखवता यावेत म्हणून, काही तास वेगळे टिपून ठेवले होते. त्यांतला एक जपानी तास जगभरच्या शिक्षकांनी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. तोच आज सांगतो.

तास 50 मिनिटांचा. सुरुवातीला शिक्षक आदल्या तासाची उजळणी करतात: दोन समांतर रेषा, खालच्या रेषेवर त्रिकोणाचा पाया आणि वरच्या रेषेवर शिरोबिंदू. तो शिरोबिंदू त्या रेषेवर कुठेही सरकवला तरी क्षेत्रफळ तेवढंच राहतं, कारण पाया तोच आणि उंचीही तीच. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो. पाया तोच, उंची तीच, तर क्षेत्रफळ तेच.

मग ते फळ्यावर जमिनीचा तुकडा काढतात. त्याचे मालक दोन. नावं वर्गातल्याच मुलांची, त्यामुळे सगळा वर्ग जागा होतो. दोन जमिनींमधली हद्द मधेच वाकलेली. ती सरळ करायची, पण कोणाचीही जमीन कमी किंवा जास्त होता कामा नये. एवढाच प्रश्न.

आता कागदावर एक आयत काढा. वरच्या कडेवर एक ठिपका द्या, त्याला खांदा म्हणू. खालच्या कडेवर दुसरा ठिपका, ते मनगट. आणि आयताच्या आत, थोडं उजवीकडे, कोपर. खांद्यापासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून मनगटापर्यंत रेघ ओढा. हा तुमचा वाकडा बांध.

पहिला हात कुठे जातो? खांदा आणि मनगट सरळ जोडण्याकडे. पण तसं केलं की खांदा, कोपर आणि मनगट यांमधला अख्खा त्रिकोण डावीकडच्या मालकाच्या हातून जातो. आपल्याकडे वीतभर बांध सरकला तरी प्रकरण तहसीलपर्यंत पोचतं, त्यामुळे यातली चूक तुम्हाला समजावून सांगायला नको.

वर्गातले शिक्षक मुलांना आधी नुसता अंदाज करायला लावतात: आकृतीवर छडी धरून, नवी हद्द साधारण कुठे येईल? मग तीन मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं विचार करायचा. त्यानंतर ज्याला हवं त्यानं मित्राशी बोलावं, वर्गातल्या दुसऱ्या शिक्षकांकडे जावं, नाहीतर पुढे ठेवलेली सूचनेची चिठ्ठी पाहावी. पण आधीची तीन मिनिटं एकट्याची. आधी एकट्याची, मग सोबतीची.

उत्तर असं. खांदा ते मनगट एक फिकी रेघ ओढा. ती हद्द नव्हे, तो त्रिकोणाचा पाया. आता कोपरातून या रेघेला समांतर रेघ काढा आणि ती आयताच्या खालच्या कडेला जिथे मिळते तिथे खूण करा. कोपर या समांतर रेघेवरून घसरत त्या खुणेवर आलं असं समजा. पाया तोच, उंची तीच, तर क्षेत्रफळ तेच. आता खांदा आणि ती खूण सरळ जोडा. बांध सरळ झाला, आणि जमीन दोघांचीही जेवढ्यास तेवढी. कोपर वरच्या कडेकडे सरकवून तिथली खूण मनगटाशी जोडली तरी चालतं. त्या वर्गात या दोन्ही रीती मुलांनीच फळ्यावर मांडल्या. शिक्षकांनी रीत सांगितली नाही. त्यांनी कालचा धडा आणि आजचा प्रश्न असे शेजारीशेजारी ठेवले होते की एकाचा हात दुसऱ्याला लागावा.

या चित्रणांवरच्या संशोधनात एक आकडा मला फार बोलका वाटतो. मुलं जागेवर बसून काम करतात त्या वेळेतला अमेरिकेत सुमारे 96 टक्के वेळ ठरलेली रीत घोटण्यात गेला, जपानमध्ये 41 टक्के. आणि नवी रीत शोधण्यात किंवा विचारात जपानमध्ये 44 टक्के, अमेरिकेत जेमतेम 1. दुसरा आकडा त्याहून साधा: अमेरिकेतल्या 31 टक्के तासांमध्ये बाहेरून व्यत्यय आला, जपानमध्ये एकाही तासात नाही. नोटीस फिरवणाऱ्या वहीला तास संपेपर्यंत दाराबाहेर थांबवा, हे मी कुठल्याही मुख्याध्यापकांना हात जोडून सांगेन.

जपानी शिक्षकांजवळ तासाच्या प्रत्येक टप्प्याला नाव आहे. मुख्य प्रश्न म्हणजे ‘हात्सुमोन’. मुलं काम करताना बाकांमधून फिरणं म्हणजे ‘किकान-शिदो’. या फेरीत शिक्षकाच्या हातात वर्गाचा बैठक-तक्ता असतो आणि कोणी कोणत्या रीतीनं सोडवलं हे तो त्यावर टिपत जातो. फळ्यावर कोणाला कोणत्या क्रमानं बोलवायचं ते इथेच ठरतं: आधी सोपी किंवा अर्धवट रीत, शेवटी सुटसुटीत. जो पहिला हात वर करतो त्यालाच बोलावलं, तर बरोबर उत्तर पाचव्या मिनिटाला बाहेर येतं आणि बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो.

त्यानंतर ‘नेरिआगे’, म्हणजे मळणं. पाणी घालून गोळा झाला म्हणून कोणी लगेच पोळी लाटायला घेत नाही, कणीक मळावीच लागते. तशा सगळ्या रीती एकमेकींशी ताडून पाहायच्या: कुठे सारख्या, कुठे वेगळ्या, कोणती केव्हा अडेल. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे चार मुलांनी येऊन आपापलं सांगायचं, टाळ्या घ्यायच्या आणि बसायचं. त्यात मळणं झालंच नाही.

आणि फळा! फळ्यावरच्या लिखाणालाही नाव आहे, ‘बानशो’. डावीकडे प्रश्न, मधे मुलांच्या रीती त्यांच्या नावांसह, उजवीकडे निष्कर्ष. तास संपेपर्यंत शक्यतो काही पुसत नाहीत, त्यामुळे चाळिसाव्या मिनिटालाही मूल मागे वळून पाहू शकतं. पडद्यावरच्या सरकत्या पानांना हे जमत नाही, पुढचं पान आलं की मागचं गेलं. चांगल्या खडूची कदर जपानमध्ये किती होती याचा पुरावा म्हणजे ‘हागोरोमो’ खडू. ती कंपनी 2015 साली बंद व्हायची वेळ आली, तेव्हा परदेशांतल्या गणितज्ञांनीसुद्धा खोकीच्या खोकी साठवून ठेवली. पुढे तिची यंत्रं दक्षिण कोरियात गेली आणि खडू तिकडे बनू लागला.

असा तास एका शिक्षकाच्या डोक्यातून एका रात्रीत येत नाही. त्यामागे ‘जुग्यो केनक्यू’ असतं, म्हणजे तासाचं संशोधन. एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी राजवटीपासून ही पद्धत जपानी शाळांत वाढत आली. चार-सहा शिक्षक एकत्र बसतात आणि आधी पाठ्यघटकाचा कीस काढतात. पहिलीची वजाबाकी घ्या. 13 वजा 9 दिलं तर मूल 10 मधून 9 काढून उरलेल्या एकात 3 मिळवतं. 12 वजा 3 दिलं तर आधी 2 काढून 10 वर येतं, मग आणखी 1 काढतं. दोन्ही हातच्याचीच उदाहरणं, पण संख्या बदलली की मुलाची वाट बदलते. म्हणून पहिल्या दिवशी फळ्यावर कोणती संख्या लिहायची यावर बरीच चर्चा होते.

मग पाठाचं टाचण. त्यात शिक्षकाच्या प्रश्नांशेजारी एक रकाना असतो: मुलं काय उत्तर देतील. चुकीची उत्तरंसुद्धा आधीच लिहायची आणि त्या प्रत्येकाला आपण काय म्हणणार तेही. माझ्या मते सगळ्या कागदात हाच रकाना सोन्याचा. पुन्हा सांगतो: मुलं काय उत्तर देतील, हे आधी लिहायचं.

एक शिक्षक शिकवतो, बाकीचे भिंतीकडेनं उभे राहून टिपतात. मुलाला मदत करायची नाही, कुजबुजूनही नाही, नाहीतर टाचण कुठे अडलं हे कळणारच नाही. नंतरच्या बैठकीत शिकवणारा आधी बोलतो, मग टाचण करणारे, मग निरीक्षक, सगळ्यात शेवटी बाहेरून बोलावलेले जाणकार. चर्चा टाचणाची होते, कारण ते सगळ्यांनी मिळून केलेलं असतं. जिथे ती शिकवणाऱ्या माणसावर घसरते, तिथे पुढच्या वेळी शिकवायला कोणी पुढे येत नाही.

याला वेळ लागतो, आणि जपानी शिक्षकांकडे तोच कमी आहे. शिक्षकांच्या कामाची आंतरराष्ट्रीय पाहणी असते, ‘टॅलिस’. तिच्या 2018 च्या फेरीत तिथले सातवी ते नववीचे शिक्षक आठवड्याला 56 तास काम करत होते, सहभागी देशांची सरासरी 38 च्या आसपास. त्या 56 मध्ये प्रत्यक्ष शिकवणं 18 तास, क्लब आणि इतर उपक्रम साडेसात. बाकी वेळ पाठाची तयारी, तपासणी, कागदपत्रं आणि कारभार यांत जातो. टाचणाच्या बैठका त्यातूनच काढायच्या.

कागद अजून समोर असेल तर त्या वर्गातलं पुढचं गणित घ्या: कोणताही चौकोन काढा आणि क्षेत्रफळ न बदलता त्याचा त्रिकोण करा. एक कर्ण काढा, कोपर कुठे आहे ते शोधा. या वेळी एक बाजू थोडी पुढे वाढवावी लागेल. पहिली तीन मिनिटं कोणाला विचारू नका. नमस्कार.