फुले लावली, पण घर कुठे? गोव्याच्या परसातील परागवाहक

श्रावणात गोव्यातील घरांच्या परसात मांडवावर काकडी, पडवळ, कारली आणि दोडक्यांचे वेल चढलेले असतात, आणि चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधल्या जाणाऱ्या फळा-फुलांच्या छताला, घरचे एखादे तरी फळ बांधता यावे, अशी सर्वांची इच्छा असते. वेल फुलांनी भरतो, मादी फुलामागे बोटाएवढी काकडीही दिसू लागते. पण ती पिवळी पडून गळते, किंवा एका टोकाला बारीक राहून वाकडी वाढते. दोष बहुधा खताला दिला जातो. परंतु या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असल्यामुळे, पराग मादी फुलापर्यंत पुरेसे पोहोचलेच नाहीत, ही शक्यता आधी तपासायला हवी.

[दृश्य : वांग्याचे फूल, अगदी जवळून]

आगशीच्या वांग्यांचे कौतुक करणाऱ्या आपण सर्वांनी वांग्याचे फूलही एकदा निरखून पाहावे. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोशांचा सुळका असतो आणि पराग केवळ त्याच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. निळ्या पट्ट्यांची एकांडी मधमाशी हा सुळका घट्ट धरते आणि उड्डाणाचे स्नायू थरथरवते. त्या कंपनाने परागांची भुकटी तिच्या अंगावर सांडते. कान दिला, तर हा चढा, तुटक आवाज उडण्याच्या गुणगुणीहून वेगळा ओळखू येतो. वाऱ्याच्या हेलकाव्यानेही वांगी धरतात, पण अशा भेटीने फळधारणा सुधारते. पेटीत पाळली जाणारी सातेरी मधमाशी इतर अनेक पिकांना मोलाची असली, तरी फुलाला असे थरथरवणे तिला जमत नाही.

ही एकांडी माशी पोळे बांधत नाही. तिची मादी मोकळ्या, कोरड्या मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून अंडी घालते. आपण मात्र अंगण पेव्हर ब्लॉकने झाकतो, कुंपणापर्यंत काँक्रीट ओततो आणि मग फुलझाडांच्या कुंड्या आणून मधमाश्यांची वाट पाहतो. आमच्या मते आजच्या परसबागेतील खरी उणीव फुलांची नसून निवाऱ्याची आहे. पावसाचे पाणी न साचणारा, उन्हाचा एखादा कोपरा न खणता, न झाकता ठेवला, तरी पुष्कळ साधते.

[दृश्य : चिऱ्यांची जुनी भिंत]

चिऱ्यांच्या भिंतीतून बाहेर आलेली ही राळेसारख्या द्रव्याची छोटी नळी म्हणजे डंख नसलेल्या बारीक मधमाश्यांचे दार आहे. गिलावा करताना ते बुजवले, तर आतली संपूर्ण वसाहत कोंडली जाते. म्हणून गवंड्याला आधीच सांगून ठेवावे. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो, तेव्हा मांडवाचा जुना वासा लगेच चुलीत घालू नये.

फुलांच्या बाबतीत महागडी रोपे आणण्याची गरज नाही. वृंदावनातील तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, पण परसात एखादी तुळस मंजिऱ्यांसह राहू द्यावी; माश्या तिच्यावर दिवसभर येतात. पावसाळ्यात आपोआप उगवणारा तुंबा, म्हणजे पांढऱ्या फुलांचे ते छोटे रानरोप, उपटू नये. जास्वंद एकेरी पाकळ्यांची असावी, कारण भरगच्च पाकळ्यांच्या जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि पाहुण्यांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती फुलपाखराची आहे हे ओळखून तिला थोडी पाने खाऊ द्यावीत.

कीटकनाशकाबद्दल, ‘संध्याकाळी फवारा, तेव्हा माश्या नसतात,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. भोपळ्याचे फूल पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटते, त्यामुळे भोपळ्यापुरता तो ठीक आहे; पण दोडका आणि दुधीची फुले संध्याकाळीच उमलतात आणि त्यांच्यावर रात्री पतंग येतात. मिश्र परसात वेल फुलावर असताना फवारणी टाळणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

संततधार लागली की कीटक बाहेर पडत नाहीत. अशा दिवशी ताजे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने टेकवावेत. भोपळा आणि काकडीसाठी हे सकाळी करावे, दुधी आणि दोडक्यासाठी दिवेलागणीला.