कोळी उसना, रडू स्वतःचं

खिडकीबाहेरच्या झुडपात एक कोळ्याची मादी. अंग नारिंगी, पाय हिरवे. उन्हाळाभर ती जाळं विणते. मग एक मोठं अंडं दिसतं. ते फुटतं, शंभर पिल्लं बाहेर येतात आणि आईलाच खाऊन टाकतात.

ही रेचलची आठवण. १९८२ सालच्या 'ब्लेड रनर' चित्रपटात ती डेकर्डच्या घरी येते. माणसासारखी दिसणारी यंत्रं हुडकून मारणं हे डेकर्डचं काम. रेचलच्या हातात आईबरोबरचा लहानपणीचा फोटो आहे, आपण माणूस असल्याचा पुरावा म्हणून आणलेला. डेकर्ड तो धड बघतही नाही. तो तिलाच तिची कोळ्याची गोष्ट ऐकवायला लागतो. शेवट रेचल पुरा करते. मग तो सांगून टाकतो, या आठवणी तुझ्या नाहीत. तुला घडवणाऱ्या टायरेलच्या पुतणीच्या आहेत.

तिच्या डोळ्यांत पाणी येतं. कोळी उसना, आई उसनी. पण हे रडू? ते काही कुणी आधी भरून ठेवलेलं नव्हतं.

आणि खोट्या आठवणी फक्त यंत्रांनाच असतात, असं कुठंय? १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना सांगितलं, की लहानपणी तुम्ही एका मॉलमध्ये हरवला होतात. हा प्रसंग कधी घडलाच नव्हता. तरी सात जणांना तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला'. तेव्हा आठवणीच्या जोरावर माणूसपण सिद्ध करायला गेलो, तर आपलीही पंचाईतच.

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला, ती फिलिप के. डिकची, १९६८ सालची. तिच्यातही एक कोळी आहे. जगातले बहुतेक प्राणी मेलेत, त्यामुळे जिवंत कोळी म्हणजे अप्रूपच. प्रिस नावाची अँड्रॉइड, म्हणजे तसंच माणसासारखं यंत्र, कात्रीनं त्याचे पाय एकेक करून कापते. चार पायांवर चालतो का, एवढंच तिला बघायचंय. डिकला हा थंडपणा माणसांतच सापडला होता. एका नाझी अधिकाऱ्याच्या डायरीत त्यानं वाचलं होतं, की उपाशी मुलांच्या रडण्यानं रात्री झोप लागत नाही. तक्रार झोपेची!

मला चित्रपटापेक्षा कादंबरी जास्त बोचते, ती फिल रेशमुळे. रेशही डेकर्डसारखाच शिकारी. लूबा लुफ्ट या ऑपेरा गायिकेला, एका अँड्रॉइडला, तो लिफ्टमध्ये लेझरनं टिपतो आणि त्याला काहीच वाटत नाही. हा नक्कीच खोट्या आठवणी भरलेला अँड्रॉइड असणार, असं डेकर्डला वाटतं, वाचकालाही. दुसऱ्याबद्दलचा कळवळा मोजणारी चाचणी होते. रेश अस्सल माणूस निघतो.

मग डेकर्ड तीच चाचणी स्वतःवर लावतो. प्रश्न लिफ्टमधल्या त्या हत्येसारखाच. यंत्राचा काटा उसळतो. मेलेल्या अँड्रॉइडबद्दल त्याला कळवळा आहे. आणि अँड्रॉइड मारून पोट भरणाऱ्याला तो परवडणारा नाही.