पाण्याचा वाटा जमिनीला की माणसाला?

नमस्कार श्रोतेहो.

महाबळेश्वर आणि म्हसवड ही दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्यातली. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. म्हसवडला पाचशे झाला तर लोक म्हणतात, औंदा बरं वर्ष. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, तिथंच मोकळे होतात आणि महादेवाचे डोंगर ओलांडेपर्यंत त्यांच्याजवळ द्यायला फारसं काही उरत नाही. डोंगराच्या ह्या अंगाला माण, खटाव, आणि पुढं सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. मी भूगोलाची शिक्षिका होते. हा डोंगर आणि हे ढग मी तीस वर्षं फळ्यावर काढले. एकदा सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, मग आपल्या माणसांनी डोंगराच्या ह्या बाजूला गाव वसवलंच कशाला?"

तेव्हा मी त्याला गप्प बसवलं होतं. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

खरं तर ही माणसं इथं चांगली जगत होती. बाजरी, मटकी, हुलगा, कमी पाण्यात येणारी जोंधळ्याची वाणं. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचा बाजार भरायचा, आजही भरतो. जतकडची माडग्याळी मेंढरं लांबलांबचे लोक येऊन नेतात. पाऊस कमी म्हणून माणूस आपोआप दरिद्री होत नाही. कृष्णा आमच्या माळापासून तीस-चाळीस किलोमीटरवरून वाहते. कोयनेच्या धरणात 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी मावतं, आणि त्यातलं 67.5 टीएमसीपर्यंत पाणी डोंगरातून पश्चिमेला पोफळीकडं उतरवून वीज करायची, असं ठरलेलं आहे. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, घरं उजळली, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोयनेची वीज जशी मुंबईच्या वाटेला लागली, तशीच आमच्या कोरड्या माळाची माणसंही मुंबईच्या वाटेला लागली. पाणी कुठं न्यायचं हे माणसांनी ठरवलं होतं. आमचा दुष्काळ निम्मा आभाळातला होता आणि निम्मा कागदावरचा.

बहात्तर साली मी बारा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. आम्ही पोरं तिच्या मागं, कारण तिथं सुकडी मिळायची. पत्र्याच्या ताटलीतली ती गोडसर सुकडी अजून जिभेवर आहे, आणि आईच्या बोटांना गुंडाळलेल्या चिंध्याही डोळ्यांसमोर आहेत. त्या खडीच्या ढिगांतून एक कायदा झाला, हे मला फार नंतर कळलं. आपल्याच सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम द्यायचं, ही त्यांची कल्पना तासगाव तालुक्यात 1965 च्या सुमारास आधी लहान प्रमाणावर राबवून पाहिली गेली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 1979 च्या जानेवारीत तो अमलात आला. पैसा उभा राहावा म्हणून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. देशाला असा कायदा करायला 2005 साल उजाडलं. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. हा हक्क सातबाऱ्यावर नव्हता. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याच्या नावावरही तो होता. बाईच्या नावावरही होता.

रोजगार हमीनं पोट भरलं, पण तरण्या पोरांना गावात धरून ठेवायला ती पुरली नाही. पोरं गलाईला गेली.

विटा, आटपाडीच्या श्रोत्यांना गलाई म्हणजे काय हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. सोनाराच्या दुकानातला कचरा, मोडीचे दागिने, भेसळीचं सोनं घ्यायचं, त्यात चांदी घालून आटवायचं, मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात सोडायचं. चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. तेच पुन्हा आटवलं की शुद्ध सोनं. केरळ, तामिळनाडूपासून कोलकाता, दिल्लीपर्यंत सराफ बाजाराच्या मागच्या बोळात गेलात तर कुठं ना कुठं आपल्या खानापूर-आटपाडीचा माणूस भट्टीपुढं बसलेला दिसेल. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चौदाव्या वर्षी गावातल्याच एका शेठजींबरोबर केरळात गेले. आधी भट्टी फुंकणं, भांडी घासणं, मग हळूहळू कारागिरी. मल्याळम असं बोलायला लागले की दिवाळीला आले तर झोपेत मल्याळममध्ये बडबडायचे. त्यांच्या पैशानं आमच्या घरावर स्लॅब पडला, दोन आत्यांची लग्नं झाली, माझं डी.एड. झालं. मी आज तुमच्यापुढं बोलते आहे ती त्या भट्टीच्या जोरावर.

म्हणून गलाईला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. कुणाच्या मेहेरबानीवर न थांबता, शाळा अर्धी सोडलेल्या पोरांनी देशभर एक धंदा उभा केला. पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे. तेजाबाचा तांबूस धूर बारक्या खोलीत कोंडून राहायचा. अण्णा पन्नाशीत परत आले ते खोकला घेऊनच. आणि इकडं आमच्या काकू. लग्नानंतरची तीस वर्षं त्यांनी नवरा दिवाळीत आणि यात्रेत पाहिला. सहा एकर माळ त्यांनी एकटीनं कसला. ताली घातल्या, कडब्याची गंज रचली, टँकरपुढं घागरींची रांग धरली, म्हशीला छावणीत नेऊन तिथंच गोठ्याशेजारी रात्री काढल्या. गावातल्या निम्म्या घरांची कथा हीच. आमच्या भागाचा विकास म्हणून बाहेरून आलेला जो पैसा दाखवतात, त्याच्या मागं ह्या बायकांची शेती आहे, आणि ती कुठल्याच हिशेबात लिहिलेली नाही.

आता येरळेकाठी चला. 1982 चा गिरणी संप फसला आणि मुंबईची आमची माणसं हात हलवत गावी आली. गावात पुन्हा दुष्काळ. येरळा कोरडी, पण तिच्यातल्या वाळूचे ट्रक मात्र शहराकडं चाललेले. तेव्हा मुक्ती संघर्ष चळवळीत बलवडी आणि तांदूळवाडीची माणसं म्हणाली, नदी आमची, वाळू आमची. थोडी वाळू आम्हीच विकतो आणि त्या पैशातून बंधारा बांधतो. सरकारदरबारी झगडून, श्रमदान करून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बळीराजा धरण उभं केलं. आकारानं लहानच, पण पाणी वाटायचा त्यांचा नियम मोठ्या धरणांनाही जमला नाही. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, घरटी सारखा. ज्याला जमीन नाही त्यालाही. त्यानं दुसऱ्याची जमीन वाट्यानं करावी, पाणी आपलं घालावं. आणि ह्या पाण्यावर ऊस लावायचा नाही.

मी तरुणपणी तिथं गेले होते. एका भूमिहीन घरातल्या आजीनं मला सांगितलं, "बाई, आमच्या नावावर आता पानी हाय." जमीन असल्याच्या थाटात म्हणाली. तो थाट मी विसरले नाही.

ह्याच विचारावर 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ह्यांनी दुष्काळी तालुक्यांची माणसं हजारोंनी एकत्र आणली. दरम्यान सरकारलाही घाई झाली होती. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं 560 टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं होतं आणि मे 2000 नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर पाणी अडवलं पाहिजे म्हणून 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं. नदीचं पाणी उपसून वर आणायच्या ताकारी, म्हैसाळ ह्या योजना आधी कासवगतीनं चाललेल्या, त्यात टेंभूची भर पडली. कराडजवळचं टेंभू, आगरकरांचं जन्मगाव. तिथून कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि 80 हजार हेक्टर कोरड्या जमिनीला द्यायचं. पाणी यायला फार उशीर झाला, कितीतरी माणसं वाट बघत गेली, पण पाणी आलं. मी ते पहिल्यांदा कालव्यात पाहिलं तेव्हा आजूबाजूच्या बायका ओटी भरत होत्या. मीही भरली.

एवढं पाणी उचलायला वीज लागते आणि विजेचं बिल प्रचंड येतं. कितीदा थकबाकीपायी पंप बंद पडले हे ह्या भागाला ठाऊक आहे. पुढं बिलातला 81 टक्के भार सरकारनं आणि 19 टक्के शेतकऱ्यानं उचलायचा, असं ठरलं. म्हणजे ह्या पाण्यात सगळ्या महाराष्ट्राचा पैसा आहे. आटपाडीच्या चळवळीनं उघड्या पाटाऐवजी बंद पाइपातून सारखं पाणी मागितलं, आणि बंद पाइपाची मागणी बरीच मान्यही झाली. पण जिथं पाणी पोचलं, तिथं आधी ऊस उभा राहिला. मी उसवाल्या शेतकऱ्याला दोष देणार नाही. डाळिंबावर तेल्या पडला की बाग उपटून टाकावी लागते, द्राक्षाला अवकाळी धुऊन नेतो, बाजरीला कुणी भाव विचारत नाही. उसाला निदान कारखाना आहे, ठरलेला दर आहे. माझी तक्रार आहे ती वाटपाशी. ज्याची जमीन मोठी, त्याचं पाणी मोठं, आणि जो पाटाच्या शेवटाला, त्याच्याकडं पाळी येईपर्यंत पाइपातून नुसता वारा येतो. जतच्या पूर्व भागातली गावं तर 2022 सालीही पाण्यासाठी कर्नाटकात जातो म्हणत होती. माणसाला आपलं राज्य सोडावंसं वाटतं, तेव्हा त्याचा घसा किती कोरडा पडला असेल!

आता थोडं वेगळं बोलते, वेगळं वाटेल तरी सोडू नका. मी सहा वर्षं खटाव तालुक्यात शिकवायला होते. माझ्या हजेरीत एक नाव होतं, नकुसा. तिच्या आधी तीन बहिणी. चौथी झाली म्हणून हे नाव. मी रोज सकाळी वर्गात ते नाव मोठ्यानं पुकारत होते आणि ती पोरगी "हजर" म्हणत होती. ते बदलावं, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभानं नवी नावं दिली, तेव्हा वर्तमानपत्र हातात धरून मी रडले. आणि ही गरिबीची गोष्ट आहे असं समजू नका. सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं 2001 साली 851 मुली होत्या, 2011 साली 867. ह्या जिल्ह्यात बारमाही पाण्याचा, साखर कारखान्यांचा, द्राक्षांचा, चांगल्या रस्त्यांचा मोठा भाग येतो. तिथं पाणी होतं, पैसा होता, मुली नव्हत्या.

नुसतं पाणी आलं, पैसा आला, म्हणून बाईला वाटा मिळत नाही. म्हणून मी पुन्हा पाण्याच्या त्या वाट्यापाशी येते. आमच्या वाडीपर्यंत आता पाइपलाइनचं काम आलंय. पाणीवापर संस्था करायची म्हणून सभासदांची यादी झाली. पाणीवापर संस्थांसाठीच्या राज्याच्या 2005 च्या कायद्याप्रमाणं लाभक्षेत्रातला जमीनधारक हा संस्थेचा सभासद. यादी सातबाऱ्यावरून केली. वाडीतल्या चार भूमिहीन घरांचं तीत नाव नाही. आणि काकूंचं नाव नाही. सहा एकरांचा सातबारा अण्णांच्या नावावर होता. अण्णा गेले, आणि वारस म्हणून फक्त मुलाचं नाव लागलं. तो आता कोईमतूरला भट्टीवर असतो. पाणी कधी घ्यायचं, किती घ्यायचं, कुठलं पीक करायचं, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्याला खुर्ची आहे. तिथं ज्या बाईनं पन्नास वर्षं हा माळ कसला, तिला नाही.

माझ्या बहिणींनो, ज्यांचे नवरे आहेत त्यांनी एवढं करा. नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. लक्ष्मीमुक्तीचा तो शासननिर्णय 1992 पासून आहे. तलाठी कार्यालयात जा आणि विचारा. आणि भावांनो, तुम्ही केरळात, कोलकात्यात बसून फोनवर हे ऐकत असाल, तर दिवाळीला याल तेव्हा फराळाआधी तो अर्ज भरा. ज्यांच्याकडं जमीनच नाही, त्यांच्यासाठी बलवडीचा नियम ग्रामसभेत मांडता येतो. लोकांनी एकत्र येऊन तो एकदा आपल्याच खोऱ्यात चालवून दाखवला आहे.

काकू आता पंचाहत्तरच्या पुढं आहेत. परवा त्यांच्याकडं गेले होते. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह त्यांच्या बांधापासून पन्नास पावलांवर आला आहे. त्या मला तिथवर घेऊन गेल्या, लोखंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझं नाव लागंल का गं?" वारस नोंदीचा अर्ज मी त्यांच्या ओसरीवर बसून लिहिला आहे. त्यांनी अंगठा उमटवला नाही, सही केली. चार भूमिहीन घरांचा अर्ज वेगळा केला आहे. येत्या सोमवारी सकाळी दहाला ग्रामसभा आहे. आम्ही दोघी लवकर जाऊन पुढं बसणार आहोत.

नमस्कार.