दस्तरखान उठताना

(दृश्य: रावेर तालुका. केळीच्या बागेतून घड खांद्यावर घेऊन निघालेले मजूर.)

सातपुड्याच्या पायथ्याला रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची कापणी चालू असते. दुपारी मजूर घरी येतो, हातपाय धुतो, दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरलं जातं. दादर ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत. पहिला घास बिस्मिल्लाहने, अल्लाहच्या नावाने. ते राहून गेलं तर मध्येच ‘बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू’: सुरुवातीलाही अल्लाहचं नाव, शेवटीही.

जेवण झालं की घरातलं लहान पोरही घडाघडा म्हणतं, ‘अल्हम्दुलिल्लाहिल्लजी अतअमना व सकाना व जअलना मुस्लिमीन.’ ज्याने आम्हाला खाऊ घातलं, पाणी पाजलं आणि मुस्लिम केलं, त्या अल्लाहची स्तुती असो.

आणखी एक दुआ आहे, पैगंबरांचे सहकारी मुआज बिन अनस यांनी सांगितलेली, अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी यांच्या, संग्रहांत आलेली. तिच्यात माणूस म्हणतो: माझ्या कुठल्याही ताकदीविना, बळाविना ज्याने मला हे अन्न दिलं, त्याची स्तुती असो.

सकाळपासून घड वाहिलेला माणूस हे म्हणतो. मग त्याच्या घामाचं काय? घाम त्याचाच. पण तापीकाठची काळी जमीन, विहिरीला लागलेलं पाणी, घड उचलणाऱ्या खांद्यातला जोर, यांतलं त्याने काय घडवलं? मे-जूनच्या एका वादळात उभी बाग आडवी झालेली ज्याने पाहिली, त्याला ही दुआ समजावून सांगावी लागत नाही.

(दृश्य: चूल. तव्यावर फुगणारी भाकरी.)

एकदा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी घरात विचारलं, कालवण काय आहे? उत्तर आलं, फक्त सिरका, म्हणजे व्हिनेगर. त्यांनी तोच मागवला, खाऊ लागले आणि म्हणाले, ‘सिरका किती छान कालवण आहे!’ सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात ही आठवण हजरत जाबिर सांगतात. आणि हजरत अबू हुरैरा सांगतात, पैगंबरांनी (स.) अन्नाला कधीच नावं ठेवली नाहीत, आवडलं तर खाल्लं, नाहीतर राहू दिलं. ‘आज भाजी नाही, ठेचाच आहे,’ असं सांगताना आमच्याकडच्या बाईचा आवाज उगाच खाली जातो. त्या प्रत्येकीपर्यंत हा सिरका पोचायला हवा.

समाधानी माणसाने मागूच नये, असंही नाही. जेवल्यावरची एक दुआ म्हणते: यात बरकत दे, याहून चांगलं खाऊ घाल. दूध प्यायलं की मागणं बदलतं: यात बरकत दे, हेच आणखी दे. कारण हदीसमध्येच आहे: खाणं आणि पिणं, दोन्हींची गरज भागवणारं दुधाशिवाय दुसरं काही नाही.

पाहुण्याची दुआ निराळी. अब्दुल्लाह बिन बुस्र यांच्या घरी पैगंबर (स.) जेवले. निघताना अब्दुल्लाह यांच्या वडिलांनी सवारीचा लगाम धरला आणि म्हणाले, आमच्यासाठी दुआ करा. पैगंबर (स.) म्हणाले, ‘हे अल्लाह, तू यांना जे दिलंस त्यात बरकत दे, यांना क्षमा कर, यांच्यावर दया कर.’ दुआ साऱ्या घरासाठी आहे. चुलीपाशी भाकरी थापणारीही तिच्यात आली.