खून सोपा, वकीलबाई अवघड

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर ‘दूरचित्रवाणीवरील रहस्यकथा आणि स्त्री वकील’ असं छापलंय. एवढं भारदस्त शीर्षक माझं नाही, संयोजकांचं आहे. माझं म्हणणं साधं आहे. टीव्हीच्या खूनकथेत खुनी लपवणं लेखकाला फार जड जात नाही. जड जातं ते बाईला वकील म्हणून कोर्टात उभं करणं. ती तिथे आली कशी, हे सांगण्यासाठी त्याला काहीतरी निमित्त शोधावं लागतं. पुरुष वकिलाला निमित्त लागत नाही, तो असतोच.

उदाहरण जुनं आहे. पेरी मेसन, म्हणजे आरोपींचा एक वकील आणि त्याच्याच नावाची मालिका. मागच्या दोन रांगांतल्या माना डोलल्या, म्हणजे वयं कळली! 1957 ते 1966, अमेरिकेतली सीबीएस वाहिनी, 271 भाग. तासाभरात खून, अटक, सुनावणी, आणि शेवटी कोणीतरी घामाघूम होऊन ‘होय, मीच मारलं’ म्हणणार. समोर हॅमिल्टन बर्गर नावाचे सरकारी वकील. नऊ वर्षं हा गृहस्थ हरत राहिला आणि तरी खुर्चीवर टिकला. इथे आलेले सरकारी वकील सर्वांत मोठ्यानं हसताहेत, याची नोंद घ्यावी.

आता इथे जरा थांबते, कारण हे ‘मीच मारलं’ प्रकरण माझ्या डोक्यात जातं. आपल्या मालिकांनी नेमकं तेवढंच उचललं. पक्षकार येतात आणि सांगतात, “मॅडम, तुम्ही त्याला पिंजऱ्यात असा घ्या की तो कबूलच करेल.” अहो, घ्या काय! मी उलटतपास सुरू करते. तिसऱ्या प्रश्नाला रंग भरतो न भरतो तोच न्यायाधीशसाहेब म्हणतात, “थांबा, टाइप होऊ द्या.” साहेब उत्तर सांगणार, स्टेनो टाइप करणार. तेवढ्यात साक्षीदार पाणी पितो, चष्मा पुसतो आणि पूर्ण शुद्धीवर येतो. शिवाय ती हातोडी! ‘ऑर्डर, ऑर्डर’ करत ठोकायची हातोडी मी आपल्या एकाही कोर्टात पाहिलेली नाही. आणि वकीलबाई पिंजऱ्याभोवती प्रदक्षिणा घालतात, त्या कुठल्या देवाच्या? आम्ही आमच्या टेबलाशी उभे असतो. पायही तिथेच दुखतात.

त्याहून मोठी गंमत कायद्यात आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 132 बघा. नव्या कायद्यातही तरतूद तीच आहे, आकडा तेवढा बदललाय. उत्तर दिलं तर आपणच अडकू, म्हणून साक्षीदाराला गप्प बसता येत नाही. पण असं सक्तीनं द्यावं लागलेलं उत्तर त्याच्याच विरुद्ध वापरता येत नाही. खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. म्हणजे मालिकेतली वकीलबाई गर्जून ‘उत्तर द्यावंच लागेल!’ म्हणते, तिथेच ती खुन्याच्या हातात ढाल देते. वर पार्श्वसंगीत!

असो. रागाच्या भरात विषय राहिला.

तर 1962 च्या अखेरीस पेरी मेसन करणारे रेमंड बर शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेले. मालिका थांबवणं परवडणारं नव्हतं, म्हणून काही भागांसाठी पाहुणे वकील बोलावले. त्यांतला एक वकील म्हणजे हॉलिवूडच्या नटी बेटी डेव्हिस. दोन ऑस्कर घरात असलेली बाई! याच बाईंनी सप्टेंबर 1962 मध्ये ‘व्हरायटी’ या चित्रपटधंद्याच्या वृत्तपत्रात काम पाहिजे म्हणून जाहिरात दिली होती. तीन मुलांची आई, घटस्फोटित, चित्रपटांतला तीस वर्षांचा अनुभव, असा मजकूर. त्यात चेष्टा किती आणि चिमटा किती, ते तुम्ही ठरवा. जानेवारी 1963 मध्ये त्या कॉन्स्टंट डॉयल ही वकीलबाई झाल्या. आणि ही वकीलबाई कोण? विधवा. नवराही वकील होता, तो गेला. पेरी मेसन खाटेला खिळलेला. एक पुरुष स्वर्गात, दुसरा इस्पितळात, तेव्हा कुठे बाईंना कोर्टाचं दार उघडतं!

बरं, पडद्यामागे काय? या मालिकेच्या कार्यकारी निर्मात्या गेल पॅट्रिक जॅक्सन. अभिनयात येण्याआधी कायद्याच्या वर्गात बसलेल्या. म्हणजे मालिका चालवायला बाई चालते.

आणि नाशकात बोलताना कॉर्नेलिया सोराबजींचं नाव न घेणं बरं दिसणार नाही. इथे 1866 मध्ये जन्मल्या, 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पदवी हातात पडली 1922 मध्ये. आपल्याकडे बायकांना वकिलीचा हक्क देणारा कायदा आला 1923 मध्ये. मलाही काळा कोट आणि बँड घालून उभी असताना पक्षकाराच्या काकांनी विचारलंय, “वकीलसाहेब कधी येणार?” मी म्हटलं, “आलेत. तुमच्याशीच बोलताहेत.” त्यांनी तरी मागे वळून पाहिलं!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दे आता पळत सांगते.

एक, पेरी मेसनचे बहुतेक खटले प्राथमिक सुनावणीतच संपतात. तिथे ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, नसते, न्यायाधीश एकटा. आता 1961 सालचा फ्लोरिडाचा खटला आठवा. नवऱ्याला बेसबॉलच्या बॅटनं मारल्याचा आरोप, ग्वेंडोलिन हॉइट आरोपी, ज्युरीत सगळे पुरुष. स्वतःहून नाव नोंदवलं तरच बाईला ज्युरीत बोलवायचं, हा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला. ही भूमिका बदलली 1975 मध्ये. कॉन्स्टंटबाई ज्युरीपुढे उभ्या असत्या तर समोर कोण बसलं असतं, हा प्रश्न मालिकेला पडलाच नाही.

दोन, वकीलबाई हुशार असून चालत नाही, सज्जनही असावी लागते. पुरुषाला नुसती हुशारी पुरते. 2014 मध्ये ‘हाउ टू गेट अवे विथ मर्डर’ या अमेरिकन मालिकेत अॅनलिज कीटिंग आली. ही वकील आणि कायद्याची प्राध्यापक. हिच्याच नवऱ्याचा खून होतो आणि ही तो उकलत नाही, दडपायला मदत करते! ही भूमिका करणाऱ्या व्हायोला डेव्हिसना 2015 मध्ये त्यासाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. मालिकेतल्या प्रमुख नाट्यभूमिकेसाठी ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री. कायदेशीरदृष्ट्या तिची सनद एका दिवसात जायला हवी. पण तिला कोर्टात उभं करायला कोणाला इस्पितळात धाडावं लागलं नाही.

तीन... अध्यक्ष उठलेच. तिसरा राहू द्या. प्रश्न विचारा, पण सातबाऱ्यावरचे नकोत, त्यासाठी उद्या चेंबरला या.