बारावीचं गणित: आधी अडलेली ओळ शोधा, मग विचारा

नमस्कार. महाराष्ट्र बोर्डाच्या विज्ञान किंवा कला शाखेत बारावीला गणित घेतलेल्या विद्यार्थ्यांनो आणि त्यांच्या आईवडिलांनो, आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. जमलं तर वही-पेन घेऊन बसा. मधेमधे समीकरणं येणार आहेत. ती कागदावर उतरवलीत तर पुढचं नीट लागेल.

प्रिलिम आटोपली की स्टाफरूमच्या दाराशी गर्दी वाढते. मोबाइलच्या ग्रुपवर गणितांचे फोटो येऊन पडतात आणि बहुतेकांखाली एवढंच लिहिलेलं असतं: ‘सर, हे येत नाही.’ यावर शिक्षक करणार काय? गणित पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवून पाठवतात. तुम्ही ते वाचता, सगळं पटतं. मग पेपरात आकडे बदलून तेच गणित येतं आणि पेन पुन्हा जुन्याच जागी थांबतं. अडलेलं असतं एका ओळीत आणि ती ओळ कुणाच्याच हाती लागलेली नसते. ती विचारण्याआधी तुम्हीच शोधायची.

एक गणित लिहून घ्या. अंशात १, छेदात एक्स वर्ग अधिक ४ एक्स अधिक १३. याचं इंटिग्रेशन करायचं आहे. आता स्वतःला विचारा: मला सूत्रच आठवत नाही, की सूत्रं पाठ आहेत पण कुठलं लावायचं ते कळत नाही, की सूत्र बरोबर लावून आकडेमोडीत घोळ झाला? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. सूत्र आठवत नसेल तर कुणालाही विचारायची गरज नाही, ते पुस्तकात आहे. रोज दहा सूत्रं न बघता लिहा. आकडेमोड चुकत असेल तर उत्तर कुणी सांगून उपयोग नाही, चूक कुठल्या ओळीत आहे एवढंच शेजारच्या मित्राला दाखवायला सांगा. शिक्षकांचा वेळ खरा लागतो तो मधल्या प्रश्नासाठी, म्हणजे कुठलं सूत्र आणि का.

या गणितात निर्णय दहावीतच शिकलेल्या गोष्टीवर होतो. बी वर्ग वजा ४ एसी काढा. १६ वजा ५२, म्हणजे उणे ३६. ऋण आलं, म्हणजे छेदाचे वास्तव अवयव पडत नाहीत. मग पूर्ण वर्ग करायचा: एक्स अधिक २ चा वर्ग, अधिक ९. उत्तर येतं १ छेद ३, टॅन इन्व्हर्स, कंसात एक्स अधिक २ छेद ३, अधिक सी. आता त्याच गणितात १३ च्या जागी ३ लिहा. १६ वजा १२, म्हणजे ४. धन आलं. अवयव पडतात: एक्स अधिक १ आणि एक्स अधिक ३. इथे पार्शल फ्रॅक्शन चालतं आणि उत्तर लॉगमध्ये येतं: अर्धा, लॉग, मापांकात एक्स अधिक १ छेद एक्स अधिक ३, अधिक सी. पूर्ण वर्ग करून गेलात तरी हेच उत्तर मिळेल. एक आकडा बदलला आणि उत्तर टॅन इन्व्हर्सवरून लॉगवर गेलं. ‘हे येत नाही’ याऐवजी ‘छेद बघून टॅन इन्व्हर्स की लॉग, हे कसं ठरवायचं?’ असं विचारलंत, तर पाच मिनिटांत त्या प्रकारची सगळी गणितं सुटतील.

आता एक शंका, जी दरवर्षी शेकडो मुलं विनाकारण घेऊन फिरतात: माझं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन घ्या. एकाला साइन वर्ग एक्स छेद २ मिळतं. दुसरीला उणे कॉस वर्ग एक्स छेद २. पुस्तकात असतं उणे कॉस २एक्स छेद ४. तिन्ही बरोबर आहेत. त्यांच्यात फरक फक्त एका स्थिरांकाचा आहे आणि तो ‘अधिक सी’मध्ये जिरतो. तपासायचं असेल तर तुमच्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढा. मूळ फलन परत आलं की उत्तर बरोबर, कुणाला विचारायला नको. मॅट्रिक्सच्या इन्व्हर्सलाही अशी घरची तपासणी आहे. मूळ मॅट्रिक्सला तुमच्या उत्तराने गुणा, आयडेंटिटी यायला हवी. निदान पहिली ओळ तरी गुणून बघा. १, ०, ० आलं नाही तर चूक नक्की आहे आणि ती बहुधा कोफॅक्टरच्या अधिक-उणे चिन्हात असते. नाहीतर सुरुवात रोने करून मधेच कॉलमचं ट्रान्सफॉर्मेशन घुसवलेलं असतं. एकदा रो धरली की शेवटपर्यंत रोच.

काही चुका मात्र तपासूनही दिसत नाहीत, कारण प्रत्येक पायरी बरोबरच वाटते. त्यासाठीच जाणत्या माणसाची नजर हवी. साइन २एक्स बरोबर कॉस एक्स, याची सर्व उत्तरं काढा असा प्रश्न आहे. साइन २एक्स म्हणजे २ साइन एक्स कॉस एक्स. मग दोन्ही बाजूंना कॉस एक्सने भागलं, साइन एक्स बरोबर अर्धा आलं, उत्तर लिहून मोकळे. पण कॉस एक्स शून्य असेल तर? शून्याने भागता येत नाही आणि त्या भागाकारात उत्तरांचा एक अख्खा गट गळून पडला. भागायचं नाही. सगळं एका बाजूला आणून कॉस एक्स सामाईक काढायचा: कॉस एक्स, कंसात २ साइन एक्स वजा १, बरोबर शून्य. आता दोन्ही गट मिळतात. अशीच दुसरी चूक एक्सचा एक्स घात याचं डेरिव्हेटिव्ह काढताना होते. घातांकाचा नेहमीचा नियम तिथे लागत नाही, कारण तो नियम घात स्थिर असताना आहे. आधी लॉग घ्या, मग डेरिव्हेटिव्ह. उत्तर: एक्सचा एक्स घात, कंसात १ अधिक लॉग एक्स. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये टी मानलात तर लिमिटही टीच्याच करा. वर टी आणि लिमिट एक्सच्या, हे प्रकरण फार महागात पडतं.

फोटो पाठवून मदत घेणार असाल तर फोटोत प्रश्न पूर्ण हवा, पुस्तकाचा भाग आणि एक्सरसाइजचा क्रमांक हवा, आणि खाली तुम्ही केलेल्या पायऱ्या हव्यात, चुकलेल्या असल्या तरी. खाडाखोड पुसू नका. समोरच्याला तीच वाचायची असते. खाली एक वाक्य: ‘तिसऱ्या ओळीपर्यंत आलो, चौथीत लॉग कसा आला ते कळलं नाही.’ मोबाइलमधलं ॲप पूर्ण उत्तर देतं, पण कधी कधी आपल्या अभ्यासक्रमात नसलेली पद्धत वापरतं. म्हणून त्याच्या पायऱ्या बालभारतीच्या पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणाशी ताडून बघा. पुस्तकाचे दोन्ही भाग बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

आणि मदत मिळाल्यावर वही मिटा. कोऱ्या पानावर तेच गणित पुन्हा करा, न बघता. दोन दिवसांनी परत एकदा. मधे कुठे थांबलात तर शंका अजून तिथेच आहे. पुन्हा विचारा, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

आईवडिलांनो, गणित येत नसलं तरी तुम्ही मदत करू शकता. मुलाला किंवा मुलीला म्हणा, ‘ही पायरी इथून इथे कशी आली ते मला सांग.’ सांगताना तो किंवा ती जिथे अडखळेल, तिथे पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या दिवशी सरांना किंवा मॅडमना नेमकं तेच विचारायचं.

आता पेपरबद्दल थोडं. लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ ३ तास. १६ गुण बहुपर्यायी प्रश्नांना, ४ गुण एका गुणाच्या चार प्रश्नांना. पुढे दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, आणि चार गुणांचे आठपैकी पाच. निवड एवढी मोठी आहे, म्हणून उरलेल्या दिवसांत प्रत्येक धड्यातल्या सगळ्यात अवघड गणितामागे धावू नका. लॉजिक, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग, बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन हे आटोपशीर धडे आहेत. त्यातल्या शंका आधी मिटवा. बायनॉमियलमध्ये ‘किमान एक’ दिसलं की एकेक शक्यता मिळवत बसू नका, १ मधून ‘एकही नाही’ची शक्यता वजा करा.

कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ते वाचता येत नसेल तर आजच कुणाकडून तरी शिकून घ्या. लिनिअर प्रोग्रॅमिंगला ग्राफ पेपर लागत नाही, कच्ची आकृती पुरते. पण अक्षांवरचे छेदबिंदू आणि फीजिबल रीजनचे कोपरे नावांसह लिहा. आणि बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर, दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाही, आणि तपासला जातो तो तुमचा पहिला प्रयत्न. म्हणून कच्चं काम आधी, उत्तर नंतर.