पेंढ्याचं चाक

श्रोतेहो, नमस्कार.

भातं निघाली, पाणंदी सुकल्या, पहाटेची थंडी अंगाला झोंबायला लागली, की आपल्याकडे डोंगरातल्या सायकल शर्यतींचे दिवस येतात. नोकरीधंदा सांभाळून हौसेनं सायकल चालवणारे पुष्कळजण या दिवसांत मला विचारतात, 'आम्ही उतरावं का?' उतरा. जरूर उतरा. फक्त दोन गोष्टींकडे लक्ष द्या. चाकातली हवा आणि हाताखालचे ब्रेक. हवा आणि ब्रेक, बाकी सगळं नंतर.

या खेळाची सुरुवातच मुळी ब्रेकच्या धुरात झाली. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवायची आणि कच्च्या रस्त्यानं खाली सोडायची. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. पॅडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक होता तो. उतार संपेपर्यंत हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून जायचं, आणि पुन्हा खाली यायचं तर आधी नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यानंतर 20 वर्षांत, 1996 साली, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

आपल्याकडे मावळात, मुळशीत, भोरकडे उतारावर असतो सुटा मुरूम. मुरमावर वळणात ब्रेक दाबला की चाक घसरलंच. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून. वळणाच्या आधी, वळणात नाही. हवेचंही तसंच. डांबरी रस्त्याला चालते तेवढी टणक हवा मुरमावर चालत नाही, चाक उड्या मारतं. ट्यूब असेल तर तीस पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास ठेवा, वजनदार माणसानं थोडी जास्त. फार कमी केलीत तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि फाटते.

ट्यूबचा विषय निघाला, तर नाणे मावळातली एक हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

जानेवारीतली शर्यत होती. मी त्या दिवशी मार्शल होतो, म्हणजे एका वळणावर झेंडा घेऊन उभा. शेजारी खळं, खळ्यात पेंढ्याची गंजी, आणि हरभऱ्याच्या वावराला बोराटीचं कुंपण. कुंपणाच्या काट्या पाणंदीत पडलेल्या. त्यातच आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका अडकल्या. पहिलीच शर्यत त्यांची. मागचं चाक बसलं. त्यांनी शांतपणे चाक काढलं, जवळची दुसरी ट्यूब घातली, हवा भरली. पन्नास पावलं गेल्या असतील, पुन्हा फुस्स. टायरच्या आत काट्याचं मोडकं टोक तसंच राहिलं होतं, नखाच्या टोकाएवढं. त्यानं नवी ट्यूबही दोन ठिकाणी फोडली, आणि पंक्चरच्या डबीतलं सोल्युशन वाळून खडा झालेलं.

आता नियम असा होता की सायकलीला स्पर्धकाशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी तर मार्शल, मला मुळीच मुभा नाही. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि खळ्यातल्या मावशींना हाक मारली. "मावशी, थोडा पेंढा देता का?"

"पेंढा? कशाला गं?"

"चाकात भरायला."

मावशी कंबरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "म्हशीचा घास चाकाला?" पण दिला. बाईंनी ट्यूब काढून टायरमध्ये पेंढा कोंबला. दोन फेरे चाक फिरवलं तर पेंढा दबून भुगा, टायर पुन्हा लुळा. मावशींना ते काही बघवेना. "असा मोकळा नाय ऱ्हायचा त्यो," म्हणाल्या आणि खाली बसल्या. पेंढा पाण्यात ओला केला, पायाच्या अंगठ्यात एक टोक धरलं आणि तळहातावर पीळ देत मनगटाएवढा दोर वळायला लागल्या. भाऱ्याला बांधतात तसा, पण घट्ट. बाई तो दोर टायरमध्ये दाबत गेल्या, मावशी पुढचा वळत गेल्या. टायरची कड रिमवर चढवताना बाईंची बोटं सोलून निघाली. मावशींनी सायकलीला बोटही लावलं नाही. मी नियम मनात दोनदा तपासला आणि झेंडा हलवून जायला सांगितलं.

पुढचं अंतर त्यांनी सपाटीला चालवत आणि उतारावर सायकल हातात धरून पार केलं. मागचं चाक खडखडत होतं, पण टायर निघाला नाही. वेळेच्या मर्यादेत पोहोचल्या, शेवटून दुसऱ्या. पुढच्या रविवारी त्या म्हशीसाठी सरकीच्या पेंडेचं पोतं घेऊन त्या खळ्यावर गेल्या. मी बरोबर होतो. मावशींनी पोतं ठेवून घेतलं आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

म्हणून माझं कधीपासूनचं म्हणणं आहे, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांना पंक्चर काढायला शिकवा. मुलींना तर आवर्जून शिकवा. पाचवीतलं मूल हे काम सहज करू शकतं. आणि दुसरं, शर्यतीत जेल, म्हणजे ताकदीसाठीचा पाकिटातला गोड पाक, पिऊन पाकीट बांधावर टाकणाऱ्यांना आयोजकांनी सरळ बाद करावं. ते पाकीट गुरांच्या पोटात जातं.

वेळ थोडा उरलाय, तर राहिलेलं भराभर सांगतो. जवळ दोन ट्यूब, ताजं सोल्युशन, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, काटा सापडेपर्यंत फिरवा. काटा सापडेपर्यंत. हेल्मेटशिवाय कुणी उभंही करणार नाही. सुरुवातीला नवख्यांनी मागे थांबावं, कारण पहिल्या टेकाडाआधीच वाट एकेरी होते आणि तिथे गर्दी होते. मागून कुणी "डावीकडून" म्हणून ओरडलं की उजवीकडे सरका. आणि पाणंदीत समोरून बैल आले तर घंटी वाजवू नका. उतरा, सायकल बांधाला लावा आणि गुराखी जा म्हणेपर्यंत थांबा.

नमस्कार.